ग्रेटफुल डेडच्या जुन्या मैफली कशा ऐकाव्यात

ग्रेटफुल डेड हा अमेरिकन बँड १९६५ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो परिसरात उभा राहिला. ऑगस्ट १९९५ मध्ये गिटारवादक आणि गायक जेरी गार्सिया यांचे निधन झाले आणि बँड थांबला. मधल्या तीस वर्षांत त्याचे २,३०० हून अधिक कार्यक्रम झाले, आणि त्यांतील बहुतेकांचे कुठले ना कुठले ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळते. स्टुडिओत केलेले अल्बम त्या मानाने मोजकेच आहेत आणि बँडची खरी ताकद त्यांत क्वचितच उतरली आहे. गाण्याची चौकट ठरलेली ठेवून तिच्या आत मंचावरच नवे संगीत उभे करणाऱ्या वाद्यमेळाला जॅम बँड म्हणतात. ग्रेटफुल डेड हा या जातीचा मूळपुरुष. आज कोणती गाणी वाजवायची, कोणत्या क्रमाने आणि किती वेळ, हे बरेचदा मंचावरच ठरत असे. त्यामुळे या बँडच्या बाबतीत मैफलीची टेप हीच मूळ कृती मानावी लागते.

नवा श्रोता अडतो तो या साठ्याच्या आकारापाशी. तारखेच्या क्रमाने सगळे ऐकायला बसणारा पहिल्या दोन वर्षांतच थकतो. कुठलीही एक तारीख उचलून ऐकणाऱ्याच्या वाट्याला एखादी खरखरणारी टेप येते आणि बँडविषयीच त्याचे मत वाईट होते. दोन गोष्टी धरून चालले की ही वाट सोपी होते. ऐकायला घेतलेला आवाज कोणी, कुठे उभे राहून पकडला आहे, हे आधी समजून घ्यावे. त्यानंतर एक गाणे निवडून ते वेगवेगळ्या वर्षांतल्या मैफलींतून ऐकावे.

या टेप जमल्या त्या दोन वाटांनी. पहिली वाट बँडच्या आतली. सुरुवातीच्या काळातील ध्वनितंत्रज्ञ ऑस्ली स्टॅन्ली याने आपले काम कसे होते आहे हे तपासण्यासाठी प्रत्येक कार्यक्रम टेपवर घेण्याची शिस्त लावली. पुढे बेटी कँटर-जॅक्सन हिने १९७० च्या दशकात केलेली ध्वनिमुद्रणे इतकी स्वच्छ आणि तोलाची निघाली की ती तिच्याच नावाने, ‘बेटी बोर्ड्स’ म्हणून ओळखली जातात. गोदामात ठेवलेल्या तिच्या टेप १९८० च्या दशकात लिलावात गेल्या, त्यांच्या प्रती निघाल्या आणि चाहत्यांच्या हाती पडल्या. दुसरी वाट श्रोत्यांची. कोटाखाली यंत्र लपवून आणणारे हौशी लोक १९७० च्या आसपास बरेच झाले होते. १९७४ मध्ये तर टेपच्या देवाणघेवाणीसाठी ‘रेलिक्स’ हे नियतकालिकच सुरू झाले. बँडने त्यांना हुसकावले नाही. ऑक्टोबर १९८४ पासून ध्वनिनियंत्रकाच्या मागची जागा अधिकृतपणे त्यांना नेमून दिली. अट एकच होती: टेप द्यावी, घ्यावी, पण विकू नये. ही अट चाहत्यांनी निष्ठेने पाळली. आज हा साठा मोकळेपणाने ऐकता येतो त्यामागे ती निष्ठा आहे.

आता टेपचे प्रकार. ध्वनिमिश्रणाच्या टेबलावरून थेट घेतलेली ती साउंडबोर्ड टेप. यादीत ती ‘एसबीडी’ या अक्षरांनी दाखवतात. तिच्यात प्रत्येक वाद्य जवळ आणि सुटे ऐकू येते, पण सभागृह जवळजवळ नाहीसे होते. तिचा आणखी एक दोष लक्षात ठेवावा. टेबलावरचे मिश्रण सभागृहातील लोकांसाठी केलेले असते, टेपसाठी नव्हे. लहान सभागृहात गिटारचे अँप्लिफायर आणि ड्रम मुळातच मोठ्याने ऐकू येतात, म्हणून तंत्रज्ञ ते भोंग्यांतून कमी सोडतो आणि गाण्याचा आवाज वाढवतो. टेपवर मग गळे पुढे, वाद्ये मागे असा विपरीत तोल उतरतो. त्या रात्री गिटार दबून वाजली असा निष्कर्ष त्यावरून काढणे चूक ठरेल.

श्रोत्यांमधून मायक्रोफोन उंच काठीवर धरून घेतलेली ती ऑडियन्स टेप, म्हणजे ‘एयूडी’. तिच्यात सभागृहाचा घुमारा, टाळ्या, शेजाऱ्याच्या गप्पा सगळे येते. पहिली दहा मिनिटे ती गढूळ वाटते. कान एकदा सरावला की खोलीची लांबी-रुंदी जाणवू लागते, आणि हजारो माणसे एका क्षणी काय ओळखून ओरडली तेही कळते. साउंडबोर्ड टेप म्हणजेच उत्तम टेप, हा समज नव्या श्रोत्यांत फार पसरलेला आहे आणि तो सोडून द्यावा. १९८० च्या दशकातील अनेक कार्यक्रमांची साउंडबोर्ड कॅसेट कोरडी आणि निर्जीव वाटते, तर त्याच रात्रीची चांगल्या जागेवरून घेतलेली ऑडियन्स टेप भरलेली आणि तेजस्वी असते. दोन्ही एकत्र करून केलेले मिश्रण म्हणजे मॅट्रिक्स. तयार करणाऱ्याचे कान चांगले असतील तर ते सर्वांत सुखद असते. रेडिओवरून प्रक्षेपित झालेल्या कार्यक्रमांच्या एफएम टेप हा चौथा प्रकार. त्यांचे मिश्रण बहुधा काळजीपूर्वक केलेले असते.

टेपची वंशावळही वाचायला शिकावे. कॅसेटवरून कॅसेट करत गेले की प्रत्येक पिढीत सुरसुर वाढते आणि वरचे स्वर विझत जातात. म्हणून सोबतच्या माहितीत ‘मास्टर रील > डॅट > फ्लॅक’ असा, म्हणजे मूळ टेप, मग डिजिटल टेप, मग डिजिटल फाइल असा, प्रवास लिहिलेला असतो. मास्टर आणि आजची फाइल यांच्यामध्ये जितक्या कमी पायऱ्या, तितके बरे. हेच > चिन्ह गाण्यांच्या यादीत वेगळ्या अर्थाने येते: एक गाणे न थांबता दुसऱ्यात शिरले. तारखांबाबत भारतीय वाचकाने विशेष सावध राहावे. अमेरिकेत महिना आधी लिहितात. चाहत्यांच्या तोंडी सतत असणारे ‘५/८/७७’ म्हणजे ८ मे १९७७. ५ ऑगस्ट नव्हे.

ऐकण्याची मुख्य जागा म्हणजे इंटरनेट आर्काइव्हचा लाइव्ह म्युझिक आर्काइव्ह हा विभाग. तो २००२ मध्ये सुरू झाला. ग्रेटफुल डेडच्या ऑडियन्स टेप तेथून उतरवून घेता येतात. साउंडबोर्ड टेप २००५ च्या अखेरीपासून फक्त तिथल्या तिथे ऐकता येतात. एकाच रात्रीच्या अनेक आवृत्त्या तिथे शेजारी शेजारी ठेवलेल्या दिसतात. ऐकणाऱ्यांचे अभिप्राय वाचावेत ते टेपच्या आवाजाविषयी. त्या रात्रीच्या थोरवीबद्दलचे अभिप्राय बहुधा त्या सभागृहात स्वतः हजर असलेल्यांचे असतात, आणि त्यांचे प्रेम टेपमधून मोजता येत नाही. ज्याला कमी शोधून जास्त ऐकायचे आहे त्याने अधिकृत मालिका घ्याव्यात. बँडचा दफ्तरदार डिक लॅटव्हाला याच्या निवडीने १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘डिक्स पिक्स’चे ३६ भाग निघाले. २०१२ पासून डेव्हिड लेम्यू याच्या निवडीची ‘डेव्ह्ज पिक्स’ ही मालिका चालू आहे.

साधनांची फार चिंता करू नये. कानावर पूर्ण बसणारे साधे हेडफोन पुरतात. मात्र ज्या प्लेअरवर ऐकायचे त्यात दोन फायलींमध्ये खंड न पडता वाजवण्याची सोय सुरू करून घ्यावी. ती नसेल तर एक गाणे दुसऱ्यात वितळत असताना नेमके त्या जागी अर्ध्या सेकंदाचे भोक पडते आणि सगळी किमया फुकट जाते. टेप संपून उलटताना गेलेला भाग वेगळा. तो मूळ ध्वनिमुद्रणातच नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची असते, त्यामुळे लांब जॅमच्या मध्येच तुटलेली जागा येणे स्वाभाविक होते. दुसऱ्या कोणाच्या टेपमधून तो तुकडा आणून जोडलेला असेल तर आवाजाचा पोत एकदम बदलतो. तो कानांचा दोष समजू नये.

टेपचा वेग हा आणखी एक मुद्दा. सभागृहात बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राची बॅटरी उतरू लागली की टेप हळू सरकते. तीच टेप पुढे योग्य वेगाच्या यंत्रावर लावली की संगीत घाईचे आणि चढ्या सुरात ऐकू येते. गळे ओळखीचे असूनही पोरकट वाटू लागले तर गिटार जुळवण्याच्या मोबाइल अॅपवर सूर तपासावा. पाव सुराइतका फरक दिसला तर दुसरी आवृत्ती घ्यावी. लय द्रुत वाटते म्हणून ती रात्र जोशाची, असे ठरवून टाकणाऱ्यांची कधी कधी येथेच फसगत होते.

प्रत्यक्ष ऐकताना कार्यक्रमाची घडण माहीत असावी. १९७० च्या दशकापासून बहुतेक कार्यक्रम दोन भागांचे आहेत. पहिल्या भागात सुटी, आटोपशीर गाणी. दुसऱ्यात एकमेकांत गुंतलेली लांब गाणी. नव्या श्रोत्याने दुसऱ्या भागापासून सुरुवात करावी आणि तो एका बैठकीत, इतर काम न करता ऐकावा. पहिले गाणे वाजत असताना ध्वनिनियंत्रक अजून तोल साधत असतो. आवाज वर-खाली झाले तरी मत बनवू नये. गाण्यांमधली सूर जुळवण्याची मिनिटे पुढे ढकलू नयेत. पुढच्या गाण्याची चाहूल बरेचदा तिथेच लागते: एखादा जण दोन स्वर सहज छेडतो आणि बाकीचे होकार देतात.

कोणाचे काय ऐकायचे, हेही ठरवून घ्यावे. पहिल्यांदा सर्वांचे लक्ष गार्सियाच्या गिटारकडे जाते आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या वेळी फक्त फिल लेश याचा बेस धरावा. रॉकमधला बेस सहसा तालाला टेकू देतो. लेशचा बेस स्वतःची सुरावट घेऊन गिटारशी वाद घालतो, आणि जॅम कोणत्या दिशेला वळणार ते पुष्कळदा तोच ठरवतो. तिसऱ्या वेळी बॉब वेअर याची ऱ्हिदम गिटार ऐकावी. ती सलग वाजत नाही, इतरांनी सोडलेल्या जागांत तुटक, तिरप्या स्वरसमूहांनी बोलते. ती एकदा कानात बसली की आधी गर्दी वाटणारा आवाज संभाषणासारखा उलगडतो.

एकच गाणे वेगवेगळ्या वर्षांतून ऐकण्यासाठी ‘प्लेइंग इन द बँड’ फार चांगले. ते फेब्रुवारी १९७१ मध्ये प्रथम मंचावर आले. त्याची मूळ आकृती दहा मात्रांच्या आवर्तनाची आहे. मात्रा झपतालाइतक्याच, पण खंड आणि वजन वेगळे. हाताने टाळी धरून ती मोजावी. त्याच वर्षी निघालेल्या, चाहते ‘स्कल अँड रोझेस’ म्हणतात त्या दुहेरी तबकडीवर हे गाणे पाच मिनिटांच्या आत संपते: कडवी, मधला छोटासा तुकडा, पुन्हा ध्रुवपद. पुढे एप्रिल आणि मे १९७२ मधील युरोप दौऱ्यातील आवृत्त्या घ्याव्यात. बावीस कार्यक्रमांचा हा संपूर्ण दौरा सोळा ट्रॅकवर ध्वनिमुद्रित झाला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दौऱ्याच्या सुरुवातीला गाणे दहाएक मिनिटांचे आहे, दौरा संपता संपता ते बरेच लांबते. त्यानंतर २७ ऑगस्ट १९७२, ऑरेगन राज्यातील व्हेनेटा. उघड्या माळावर, एका दुग्धशाळेच्या मदतीसाठी झालेला हा कार्यक्रम. ऊन इतके कडक होते की वाद्यांचे सूर टिकेनात, आणि तरीही तिथले ‘प्लेइंग’ वीसेक मिनिटे एकाही ठिकाणी सैल पडत नाही. शेवटी २१ मे १९७४, सिएटल: तेच गाणे सेहेचाळीस मिनिटांवर.

या चार मुक्कामांवर एकच प्रश्न मनात ठेवावा: दहा मात्रांची मोजणी कुठे सुटते आणि परत कशी सापडते? १९७१ मध्ये ती जवळजवळ सुटतच नाही. व्हेनेटात ध्रुवपद संपल्यावर ड्रमवादक बिल क्रूट्झमन ठोका विस्कटून टाकतो, झांजांवर हलकी नक्षी चालते, कीथ गॉडशॉ याचा पियानो वरच्या स्वरांत थेंब टाकतो आणि आवर्तन पार विरघळते. परतीच्या वेळी मूळ आकृतीचे तुकडे आधी एखाद्याच वाद्यावर डोकावतात, जणू तपासून पाहिल्यासारखे. दुसरे वाद्य ते उचलते, आणि अचानक सगळे एकत्र दहाच्या समेवर उतरतात. सिएटलमध्ये ही भटकंती इतकी लांबते की मूळ गाणे कोणते होते याचा विसर पडतो. ती आवृत्ती पहिल्यांदा ऐकायला घेऊ नये. आधीच्या तिन्ही ऐकल्यावर ती समजते आणि मग फार मोठी वाटते. १९७६ नंतर याच गाण्याच्या पोटात दुसरी दोन-तीन गाणी बसवून शेवटी पुन्हा ‘प्लेइंग’वर येण्याची चाल पडली, यादीत ते दोनदा लिहिलेले दिसले तर त्याचे कारण हे.

गाण्याचा जोड कसा लागतो हे ऐकायचे असेल तर ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठाचे बार्टन हॉल. बेटी कँटर-जॅक्सनची ही टेप बँडची सर्वांत प्रसिद्ध मैफल ठरली, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ सालच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत ती घेतली, आणि २०१७ मध्ये ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली. दुसऱ्या भागाच्या आरंभी गर्दीला मागे सरकण्याची विनंती ऐकू येते, मग ‘स्कार्लेट बिगोनियाज’ सुरू होते. त्याच्या अखेरीस शब्द संपतात आणि गायिका डॉना गॉडशॉ हिचा गळा शब्दांविना तरंगत राहतो. पुढच्या ‘फायर ऑन द माउंटन’ या गाण्याचा आधारस्वरही तोच असल्याने तिकडे जाताना उडी मारावी लागत नाही. बेस हळूहळू दोन स्वरसमूहांच्या झोक्यात स्थिरावतो, ड्रम ठोका बदलतात, आणि गाणे नेमके कोणत्या क्षणी बदलले ते बोट ठेवून सांगता येत नाही. ही जोडी तेव्हा दोन महिन्यांचीही नव्हती. याच रात्रीची ऑडियन्स टेपही मिळते. जोड एकदा साउंडबोर्डवर आणि एकदा श्रोत्यांमधून ऐकावा; लोकांना नवे गाणे कधी उमगले ते दुसऱ्या टेपमध्ये कळते.

‘फायर’ची सुरावट मूळची बँडचा दुसरा ड्रमवादक मिकी हार्ट याच्या १९७६ सालच्या ‘डिगा’ या तबकडीवरच्या वाद्यरचनेत सापडते, आणि ती तबकडी वाजवणाऱ्या डिगा ऱ्हिदम बँडमध्ये मुंबईत जन्मलेले झाकीर हुसेन होते. हार्टने उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे तालाचे धडे घेतले होते. १९७८ पासून जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागात येणारे ‘ड्रम्स’ ऐकताना ही ओळख कामी येते. हार्ट आणि क्रूट्झमन यांचे ते दीर्घ तालवादन आणि त्यानंतरचे ‘स्पेस’ हे बेताल, बेसूर वाटणारे तुकडे अनेक श्रोते गाळतात. रोज ऐकावेत असे ते नाहीत. पण एका मैफलीत तरी पूर्ण ऐकावेत, कारण त्यातून पुढचे गाणे कसे बाहेर पडते हे पाहण्याजोगे आहे. ऑस्ली स्टॅन्लीच्या टेपमध्ये उस्ताद अली अकबर खाँ यांची मे १९७० मधील सॅन फ्रान्सिस्कोची मैफलही आहे. तबल्यावर तरुण झाकीर हुसेन आहेत आणि ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. स्टॅन्लीच्या टेप घेण्याच्या पद्धतीचा अंदाज भारतीय कानाला तिच्यावरून चटकन येतो.

बाकी काळांबद्दल थोडक्यात. १९६९ चा बँड तीव्र आणि जंगली आहे. त्यासाठी ‘लाइव्ह/डेड’मधील तेवीस मिनिटांचे ‘डार्क स्टार’ पुरेसे आहे. १९७० साठी न्यूयॉर्क राज्यातील हार्पर कॉलेजचा २ मेचा कार्यक्रम घ्यावा. त्यात आधी विनाविद्युत आणि मग विद्युत वाद्यांवरचे भाग आहेत. १९७४ च्या टेपमध्ये गळे पातळ, पत्र्यासारखे ऐकू येतात. त्या वर्षी बँडने ‘वॉल ऑफ साउंड’ ही सुमारे पंचाहत्तर टनांची भोंग्यांची भिंत स्वतःच्या पाठीमागे उभी केली होती. तिचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून प्रत्येक गायकासमोर दोन मायक्रोफोन उलट जोडणीने लावले होते. दोघांत सारखा शिरणारा आवाज रद्द होत असे आणि त्यासोबत गळ्याचाही काही भरीवपणा जात असे. वाद्ये मात्र त्या वर्षी विलक्षण स्पष्ट आहेत. १९७५ मध्ये बँडने फक्त चार कार्यक्रम केले.

१९७९ ते १९९० हा ब्रेंट मिडलंड याच्या कीबोर्डचा आणि करड्या गळ्याचा काळ. सरसकट उत्तम म्हणावा असा तो नाही. १९८० च्या मध्यावर गार्सियाची प्रकृती आणि गळा दोन्ही ढासळलेले आहेत, आणि १९८६ च्या जुलैत तो मधुमेहाने बेशुद्धावस्थेत गेला. त्यानंतरची उभारी १९८९ च्या शरद ऋतूत आणि १९९० च्या वसंतात ऐकावी. ऑक्टोबर १९८९ मध्ये व्हर्जिनियातील हॅम्प्टन येथे कित्येक वर्षांनी ‘डार्क स्टार’ परतले, तेव्हा लोकांचा जो आवाज उठतो त्यासाठी ऑडियन्स टेपच घ्यावी. २९ मार्च १९९० रोजी नासाऊ कोलिझियममध्ये सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिस बँडसोबत वाजवायला आला. ‘आइज ऑफ द वर्ल्ड’मध्ये तो आणि गार्सिया एकमेकांची वाक्ये पुरी करतात. या काळात गिटारमधून एकाएकी बासरी किंवा तुतारीसारखा आवाज आला तर तो पाहुणा वादक समजू नये. गार्सियाने तेव्हा गिटारला मिडी यंत्रणा जोडली होती. १९९१ नंतरच्या टेप पूर्ण कार्यक्रम म्हणून घेण्यापेक्षा गाण्यागणिक निवडाव्यात, आणि ब्रूस हॉर्न्सबी पियानोवर असलेल्या १९९० ते १९९२ च्या रात्रींना अग्रक्रम द्यावा.